कळसूबाईला जाण्यापूर्वी

डोंगरावर जायचा दिवस एकदा ठरला, की सहल त्याच दिवशी सुरू होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. पाय अजून वर्गातील बाकाखालीच असतात. पण मन मात्र केव्हाच पायथ्याचे गाव ओलांडून चढणीला लागलेले असते. मधल्या सुटीत डबा उघडला तरी बोलणे डोंगराचेच. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस मोजले जातात. वडीलधाऱ्यांना ही अधीरता पोरकट वाटते. मला ती तशी वाटत नाही. मित्रांच्या संगतीने डोंगर चढण्याची ओढ ही मोठी मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्या बळावर पुष्कळ कामे आनंदाने उरकता येतात. ही कामे कोणती, ती आपण कळसूबाईच्या निमित्ताने पाहू.

कळसूबाई हे सह्याद्रीतील आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर होय. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट आहे. हे शिखर अकोले तालुक्यात येते. त्या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर. २०२४ सालापासून तो अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. इगतपुरी किंवा घोटी येथून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी नावाचे गाव लागते. बहुतेक मंडळी येथूनच वर चढतात. कोणी कोणी या शिखराला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणतात. मला हे विशेषण रुचत नाही. एव्हरेस्टची उंची कळसूबाईच्या पाचपटींहून अधिक आहे. आणि आपल्या डोंगराला मोठेपण देण्यासाठी दुसऱ्याचे नाव उसने घेण्याची गरजही नाही.

या नावामागे एक लोककथा आहे. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी होती. ती एका घरी कामाला राहिली. परंतु राहताना तिने अट घातली, की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस सुखाचे गेले. पुढे एकदा घरी पाहुणे आले, कामाची घाई झाली, आणि तिला भांडी घासावयास सांगण्यात आले. तिने तेवढे काम केले. मात्र दिलेला शब्द मोडला म्हणून ती तडक डोंगरावर निघून गेली व पुन्हा खाली आली नाही. शिखरावर तिचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तेथे जत्रा भरते. आसपासच्या वाड्यांतील माणसे, त्यांत म्हातारीकोतारीही, अनवाणी पायांनी वर जातात. आपण शिखराला ‘सर करणे’ म्हणतो. ती माणसे ‘आईच्या भेटीला जाणे’ म्हणतात. ज्यांच्या डोंगरावर आपण जाणार, त्यांची ही भावना आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली बरी.

आता पहिले काम नकाशाचे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून या देशाची मोजणी करीत आला आहे. त्याचे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे नकाशे असतात. अशा नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवरील एक किलोमीटर. शाळेच्या संग्रहात किंवा गावच्या ग्रंथालयात असा नकाशा असेल, तर गुरुजींकडून तो मागून घ्या आणि सारे मित्र त्याच्याभोवती बसा. डोंगराच्या जागी तुम्हांला तपकिरी रंगाच्या पुष्कळ वाकड्यातिकड्या रेषा दिसतील. त्या समोच्च रेषा. समान उंचीवरील ठिकाणे जोडून त्या काढलेल्या असतात. या नकाशावर एका रेषेपासून शेजारच्या रेषेपर्यंत उंचीत वीस मीटरांचा फरक असतो. रेषा विरळ असतील, तेथे चढ सौम्य. त्या दाटीवाटीने एकमेकींना चिकटल्या असतील, तेथे कडा उभा आहे असे समजावे.

वाट सरळ नसते. मग ती पट्टीने कशी मोजावी? एक दोरा घ्या. वाट जशी वळेल तसा तो नकाशावर बोटाने दाबीत न्या आणि मग सरळ करून पट्टीवर धरा. समजा, दोरा सात सेंटिमीटर भरला. तर वाट साडेतीन किलोमीटरांची झाली. त्याच वाटेत ओलांडाव्या लागणाऱ्या समोच्च रेषा मोजा. समजा, त्या चाळीस निघाल्या. चाळीस गुणिले वीस, म्हणजे आठशे मीटरांचा चढ. बारीहून कळसूबाईचा चढ साधारण इतकाच आहे. आठशे मीटर हा आकडा नुसता ऐकून मनावर काही उमटत नाही. आपल्या शाळेचा एक मजला तीन मीटर उंच धरा. आठशे मीटर म्हणजे असे दोनशे सहासष्ट मजले! जिना चढून एकदा तिसऱ्या मजल्यावर जा, आपला श्वास कसा चालतो ते पाहा, आणि मग या संख्येचा विचार करा. यात घाबरण्याचे कारण नाही. फक्त वर किती वेळ लागेल हे आता आपण विचारू शकतो.

या प्रश्नाचे उत्तर विल्यम नेस्मिथ या स्कॉटलंडमधील गिर्यारोहकाने १८९२ साली एका सोप्या नियमात सांगून ठेवले आहे. नकाशावरील दर तीन मैलांना एक तास धरावा, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास मिळवावा. आपल्या मापात सांगायचे, तर तासाला पाच किलोमीटर, आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटे अधिक. आपल्या गणिताला तो लावून पाहू. साडेतीन किलोमीटरांना बेचाळीस मिनिटे, आठशे मीटरांना ऐंशी मिनिटे. एकूण दोन तास दोन मिनिटे. हे उत्तर वाचून कोणाला आनंद होईल. पण थोडे थांबा. नेस्मिथचा हिशेब धडधाकट, सवयीच्या आणि मध्ये न थांबणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे. तुम्ही दहा जण असणार. कोणी पाणी पिणार, कोणाच्या बुटात खडा जाणार, कोणाला माकडे पाहायची असणार. म्हणून आलेल्या वेळेची दीडपट करावी. तीन तास हे आपले खरे उत्तर.

याहून महत्त्वाचे गणित उलट बाजूने करावे लागते. पावसाळ्यात ही वाट निसरडी असते व शिखर ढगांत बुडालेले असते. म्हणून नवख्यांसाठी थंडीचे दिवस चांगले. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. अर्ध्या तासात चांगलाच अंधार पडतो. तेव्हा चार वाजता सर्वांनी पायथ्याशी असावे, म्हणजे हाताशी दोन तास राखीव राहतात. उतरण्यास अडीच ते तीन तास धरले, तर एक वाजता आपण जेथे असू तेथून परत फिरले पाहिजे. मग ती जागा शिखर असो, नाहीतर शिखराच्या पन्नास पावले अलीकडची असो. ही परतीची वेळ घरी बसूनच ठरवावयाची असते. वर गेल्यावर शिखर समोर दिसत असताना कोणालाही शांतपणे गणित करता येत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना घेऊन मी याच डोंगरावर निघालो होतो. गाडी पोहोचण्यास दोन तास उशीर झाला होता. परतीची वेळ एक, हे मुलांनीच ठरविले होते आणि घड्याळ त्यांच्यातील एकाच्या हाती दिले होते. तो मुलगा साऱ्यांत हौशी. महिनाभर त्याने दुसरा विषय काढला नव्हता. मुलांपैकी एक जण नुकताच तापातून उठला होता. तो जिवाच्या कराराने चालत होता, पण मागे पडत होता. शेवटच्या शिडीच्या खाली आम्ही पोहोचलो तेव्हा एकाला पाच मिनिटे कमी होती. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, याला इथं बसू द्या. आम्ही धावत जाऊन येतो.” तो आजारी मुलगाही मान खाली घालून म्हणाला, “हो गुरुजी, जाऊ द्या त्यांना. मी बसतो.” मी काही बोलण्याच्या आत घड्याळवाला मुलगा पुढे आला. त्याने एकदा वर पाहिले. “एक वाजत आला,” एवढेच म्हणून तो वळला आणि उतरू लागला. बाकीचे काही वेळ तसेच उभे राहिले, मग एकेक करून त्याच्यामागे गेले. त्या दिवशी आभाळ शेवटपर्यंत निरभ्र राहिले. ढग आले नाहीत, वादळ झाले नाही. आम्ही वर गेलो असतो तर कदाचित सुखरूप परतलोही असतो. परतीच्या प्रवासात त्या मुलाशी दोघेतिघे बोलले नाहीत. त्याने मात्र घड्याळ माझ्या हाती परत दिले, आणि आजारी मित्राची पिशवी उतरेपर्यंत स्वतःच्या खांद्यावर ठेवली.

सांगावयाचे ते असे, की आपल्या टोळीत सावकाश चालणारा कोणीतरी असतोच. त्याला न्यावे की नाही, याची कुजबुज सहलीच्या आधी होते. ती मी पुष्कळदा ऐकली आहे. न्यावे. मात्र त्याच्या चालीने चालावे, आणि वेळेचे गणितही त्याच्याच चालीवर बसवावे. येथे एक बारकी गोष्ट आहे. दमणारा मुलगा सर्वांत शेवटी चालत असेल, तर काय घडते ते पाहा. पुढचे जलद जातात, एखाद्या झाडाखाली बसून त्याची वाट पाहतात, त्यांची विश्रांती होते. आणि तो धापा टाकीत तेथे पोहोचला, की ते “चला” म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज अधिक, त्यालाच ती मिळत नाही! म्हणून सावकाश चालणाऱ्याने वाटाड्याच्या लगेच मागे, दुसऱ्या जागी चालावे. सर्वांत काटक गडी शेवटी असावा. चाल एवढीच ठेवावी, की चालता चालता शेजाऱ्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता यावे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले, की वेग फार झाला.

कित्येक मुले विचारतात, की इतक्या उंचीवर हवा विरळ झाल्यामुळे धाप लागते काय? हवा थोडी विरळ होते, हे खरे. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे ८२ टक्के असतो. पण निरोगी मुलास एवढ्याने त्रास होत नाही; धाप लागते ती चढामुळे. कमी दाबाचा परिणाम पाहायचा असेल, तर तो चहाच्या भांड्यात पाहावा. माथ्यावर पाणी सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. म्हणून तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजावयास अधिक वेळ लागतो. थंडीचे गणितही असेच आहे. दर हजार मीटरांना तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे बारीपेक्षा माथा सुमारे पाच अंशांनी थंड असावयाचा. त्यात वारा मिसळला आणि अंगावरचा सदरा घामाने भिजलेला असला, की दात वाजू लागतात. पिशवीत कोरडा सदरा आणि एक लोकरी कपडा का हवा, ते यावरून कळेल. चढताना तो अंगात घालू नये, थांबताच घालावा.

पिशवी भरताना आणखी एक हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. प्रत्येकाने दोन ते तीन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर न्यावे. वाटेवरच्या विहिरीच्या किंवा झऱ्याच्या भरवशावर राहू नये. पाण्याचेच वजन इतके झाल्यावर इतर गोष्टींत काटकसर आलीच. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्यांची कोरडी चटणी, गूळ-दाणे, थोडे खजूर, दोन लिंबे आणि मीठ-साखरेची पुडी एवढे पुरे. दशमी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते, म्हणून आपल्या आजीपणजींनी प्रवासासाठी ती पसंत केली. हल्ली मुले कुरकुरीत पदार्थांची चकचकीत पाकिटे नेतात. त्यांनी तहान वाढते आणि रिकामी पाकिटे वाटेवर उडत राहतात. हा सारा परिसर १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. नेलेली प्रत्येक वस्तू, निदान तिचे वेष्टन तरी, पाठीवरून परत आले पाहिजे. अत्तर किंवा सुगंधी तेल लावून जाऊ नये. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींनी त्या माश्या चवताळतात.

बुटांविषयी मात्र मी हट्टी आहे. नवा कोरा बूट घालून डोंगरावर येणाऱ्यास तो चावल्याशिवाय राहत नाही. सहलीपूर्वी निदान पंधरा दिवस तेच बूट घालून शाळेत यावे, गावाबाहेर फेरी मारावी, म्हणजे बूट पायाला आणि पाय बुटाला ओळखू लागतात. रोज संध्याकाळी जिन्याच्या चढउताराचा सराव ठेवावा. उतरण्याचाही म्हणतो, ते मुद्दाम. चढताना छाती दमते. उतरताना मांड्या आणि गुडघे. शरीराचा भार सावरीत खाली येताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताण सोशीत लांब व्हावे लागते. याची सवय नसली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीवर बसतानाही ‘आई गं’ तोंडातून निघते.

शिड्यांची अनेकांना धास्ती वाटते. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या कातळांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. हे कातळ टप्प्याटप्प्यांनीच का येतात, हे कळले, तर धास्तीची जागा कुतूहल घेते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला आणि पसरला. तो थिजला, काही काळाने त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. अशा थरांचा हा डोंगर आहे. कठीण थर झिजत नाहीत, त्यांचे उभे कडे राहतात. मऊ थर झिजून त्यांच्या उतरणी आणि पठारे होतात. म्हणून आपण थोडा वेळ सपाटीवर चालतो, मग एकदम कडा समोर येतो, पुन्हा सपाटी. या खडकाला भूगोलात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे आपण चढतो तो एक अवाढव्य जिनाच! शिडीवर एका वेळी एकानेच चढावे, दोन्ही हात मोकळे ठेवावे, तोंड शिडीकडे असावे, उतरतानाही तसेच. ज्याला भीती वाटते त्याची थट्टा केलेली मला खपत नाही. भीती वाटते असे मोकळेपणाने सांगणारा मुलगा शिडी घट्ट धरतो. थट्टा करणारा बहुधा एका हाताने चढतो.

आणि माथ्यावरून काय दिसेल? हेही नकाशावरून आधी शोधून ठेवावे, म्हणजे प्रत्यक्षात ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आनंद होतो. पश्चिमेकडे त्याच रांगेत अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग ओळीने उभे आहेत. दक्षिणेकडे भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी चकाकते. ते धरण प्रवरा नदीवर आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. पाण्यापलीकडे रतनगड. तेथेच प्रवरा उगम पावते. त्याच्याही पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, हरिश्चंद्रगडाचा विस्तार. तुमच्यापैकी प्रत्येकाने एकेक डोंगर वाटून घ्यावा, त्याची माहिती काढावी आणि माथ्यावर इतरांना तो दाखवावा.

बारीत पोहोचल्यावर गावातील एखाद्या जाणत्या माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावे. त्यांना ‘मामा’ म्हणा, ‘दादा’ म्हणा, पण आज वर वारा कसा आहे, कोठे सावली आहे, हे त्यांना विचारा आणि ते सांगतील ते ऐका. त्यांच्या कष्टाचे पैसे आधी ठरवून, न घासाघीस करता द्यावेत.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी भरून दाराशी ठेवल्यावर एक काम उरते. कागदाच्या एका चिठ्ठीवर बरोबरच्या सर्वांची नावे, कोणत्या गावाहून चढणार, परत फिरण्याची वेळ आणि घरी पोहोचण्याची वेळ लिहावी. डोंगरात दूरध्वनी लागेलच असे नाही. म्हणून ठरलेल्या वेळेनंतर किती वाट पाहून कोणाला कळवावे, तेही लिहावे. संकटकाळचा ११२ हा क्रमांक खाली घालावा. ही चिठ्ठी आईच्या हाती द्यावी आणि तिच्यासमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. ती काही प्रश्न विचारील. त्यांची उत्तरे न चिडता द्या, चिठ्ठीत काही राहिले असेल तर ते भरा, आणि पहाटे चारचा गजर लावून झोपा. झोप लवकर लागणार नाही, हे मला ठाऊक आहे.